५ सप्टेंबरच्या आधी थोडं बोलू

पालकहो,

ऑगस्ट संपत आला की वर्गावर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणीचे मेसेज सुरू होतात. शिक्षक दिनाला बाईंना काय द्यायचं? कुणी साडी सुचवतं, कुणी भिंतीवरचं घड्याळ, कुणी चांदीचं नाणं. मी त्या ग्रुपवर नाही, पण मुलांच्या पोटात काही राहत नाही. कोणाच्या घरून किती दिले, कोणी अजून दिले नाहीत, हे मधल्या सुट्टीत डबे उघडता उघडता सगळ्या वर्गाला कळतं. त्यावरच आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

गेल्या वर्षी ५ सप्टेंबरला माझ्या वर्गातली एक मुलगी आली नाही. धो धो पावसातही दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून येणारी ही मुलगी. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, पोटात दुखत होतं. पुढे पालकसभेला तिची आई आली आणि सगळे गेल्यावर थांबली. "बाई, त्या महिन्यात वर्गणी जमली नाही. मी म्हटलं, तू जा, बाई काही म्हणणार नाहीत. पण ती म्हणाली, सगळ्यांची नावं वाचतील, माझं नाही येणार." माझ्या नावाने झालेल्या वर्गणीपायी माझ्याच वर्गातलं एक लेकरू घरी बसलं होतं. त्या दिवशी मिळालेली साडी मी अजून नेसलेली नाही, आणि नेसावीशी वाटतही नाही.

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून त्यांच्या जन्मदिवशी आपण शिक्षक दिन साजरा करू लागलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला त्यांच्याविषयीची एक जुनी आठवण जास्त आवडते. १९२१ मध्ये ते म्हैसूरचं कॉलेज सोडून कलकत्ता विद्यापीठात निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची गाडी फुलांनी सजवली आणि घोडे जुंपू न देता स्वतःच ओढत स्टेशनापर्यंत नेली, असं सांगतात. त्यात आईवडिलांच्या खिशाचा संबंध नव्हता. जे काही केलं ते पोरांनी आपल्या हातांनी, आपल्या खांद्यांनी केलं. विद्यार्थ्याने शिक्षकाचं कौतुक करायचं ते असं.

आता आमच्याकडे सत्काराचा दिवस कसा जातो, तेही सांगते. आदल्या संध्याकाळी फलकलेखन, रांगोळी, खुर्च्यांची मांडामांड, शाल-श्रीफळांची यादी, माईकवाल्याला फोन. ज्यांचा सत्कार व्हायचा तीच माणसं राबत असतात. तेही चालेल, आपलं घरचं कार्य समजून आम्ही ते करतो. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पाहुणे तासभर उशिरा येतात आणि तोवर पाचवी-सहावीची मुलं मैदानात, सप्टेंबरच्या चटक्यात, मांडी घालून बसलेली असतात. एकाला चक्कर येते, दोघींना पाणी हवं असतं, आणि सूत्रसंचालक टाळ्यांचा सराव घेत असतो. मग भाषणांत आम्ही राष्ट्राचे शिल्पकार ठरतो. दुसऱ्या दिवशी हाच शिल्पकार मतदारयादी घेऊन घरोघरी दारं वाजवत असतो आणि त्याचा गणिताचा तास बुडालेला असतो. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका एवढ्याच बिगरशैक्षणिक कामांची मुभा ठेवली आहे. पण तेवढ्यातही वर्गाचा किती वेळ जातो, हे तुम्ही आपल्या मुलांच्या वह्या उघडून पाहा.

एवढं असूनही मी या दिवसाची वाट पाहते, ती स्वयंशासन दिनासाठी. दहावीची मुलं शिक्षक होतात. मुली आईची साडी नेसून येतात, पिना लावायला आमच्या स्टाफरूममध्ये रांग लागते. कोणी मुख्याध्यापक होतं, कोणी शिपाईमामांची जागा घेऊन घंटा देतं. पूर्वी घंटा द्यायला कोणी तयार नसायचं. आता त्या कामासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, याचाही मला आनंद आहे.

एका वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा पाचवीला अपूर्णांक शिकवायला उभा राहिला. तीन वर्षं माझ्या तासाला बसलेला, पण फार कधी बोललेला नाही. मी मागच्या दाराशी उभी होते. त्याने खडू घेतला, मोडून त्याचे दोन तुकडे केले आणि मोडलेल्या बाजूने लिहायला सुरुवात केली, म्हणजे खडू कर्रकर्र वाजत नाही. फळ्यावर पोळी काढली, तिचे चार भाग केले, त्यातला एक रंगवला. मग प्रश्न विचारला. पुढच्या सात-आठ मुलांनी हात वर केले, "सर, मी! सर, मी!" सुरू झालं. त्याने त्या हातांकडे पाहिलं आणि खिडकीशी बसलेल्या, हात खाली ठेवलेल्या मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं गं? चुकलं तरी चालेल."

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पाठ टाचण लिहून दिलं होतं, त्यातही असं काही नव्हतं. तो तीन वर्षं शेवटच्या बाकावरून बघत होता. हात वर न करणाऱ्यांपैकीच तो एक होता आणि मी त्याला विचारत असे. माझ्या नोकरीत मला शाली मिळाल्या, मानपत्रं मिळाली, त्यांचा मान मी ठेवते. पण आपण करतो ते पोचतं आहे, ही खात्री मला त्या मुलाने दिली. त्या रात्री मला कितीतरी वेळ झोप लागली नाही, इतकं बरं वाटत होतं.

मुलांच्या गुणगौरव समारंभाबद्दलही मनात एक खंत आहे. तिथे नावं ठरलेली असतात: पहिले तिघे, शिष्यवृत्तीधारक, क्रीडास्पर्धांतले विजेते. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत सोडायला येणारी मुलगी, वर्षाच्या सुरुवातीला वाचताना अडखळणारा आणि दिवाळीनंतर परिपाठात बातम्या वाचणारा मुलगा, यांचं नाव कधी माईकवरून ऐकू येत नाही. माझ्या वर्गात मी दर शनिवारी अशा एकाचं नाव घेते. तुम्हाला घरी असं काही दिसलं तर मला कळवा. मला शाळेतलंच दिसतं, घरातलं तुम्हालाच ठाऊक.

तर या वर्षी एवढं करा. वर्गणी काढू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत भेटवस्तू द्यायच्या नाहीत असा ठराव तुम्हीच मांडा. आम्ही शिक्षकांनी नको म्हटलं तर लोकांना तो संकोच वाटतो. तुम्ही म्हटलं तर तो नियम होईल. मुलांना वहीचा एक कोरा कागद द्या. बाजारातलं तयार भेटकार्ड नको, मोबाइलवरून उतरवलेल्या चार ओळीही नकोत. शेजारी बसून मजकूर सांगू नका, ऱ्हस्व-दीर्घही सुधारू नका, ते माझं काम आहे. त्याला इतकंच विचारा, "या वर्षी शाळेतलं काय लक्षात राहिलं?" जे सांगेल ते त्याला लिहू दे. रागावलेलं लक्षात राहिलं असेल, तर तेही लिहू दे. मला ते वाचायचं आहे.

दुसरा कागद त्याने पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना किंवा शिपाईमामांना लिहावा. सकाळी कुलूप काढण्यापासून पाण्याच्या टाक्या धुण्यापर्यंतची कामं ती माणसं करतात, आणि सत्काराच्या यादीत त्यांची नावं नसतात. गेल्या वर्षी दोघा-चौघांनी मावशींना चित्रं काढून दिली. खिचडीच्या पातेल्याचं एक चित्र त्यांनी स्वयंपाकखोलीत डाळीच्या डब्याच्या वर चिकटवलं आहे. वाफेने त्याचे कोपरे सुटलेत, तरी त्या ते काढू देत नाहीत.

आणि तुमच्याकडून काही हवं असेल, तर ते म्हणजे पालकसभेला येणं. गेल्या सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कामावरून सुटी मिळत नाही हे मला समजतं, रोजगार बुडवून या असं मी म्हणणार नाही. आईला जमत नसेल तर बाबांनी यावं, आजीने यावं, मोठ्या बहिणीने यावं. तेही जमत नसेल, तर शाळा सुटल्यावर मी अर्धा तास वर्गातच वह्या तपासत बसलेली असते. दार उघडंच असतं, आधी फोन करायची गरज नाही.

तुमच्या मुलांच्या बाई