निजलेल्या अ‍ॅपास जागें ठेवणें

मेहकर तालुक्यांतील आमच्या जानेफळ गांवीं आठवीच्या मुलांस राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसतां येतें. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरसाल १२,००० रुपये मिळतात. मात्र आईबापांचें वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांहून अधिक असतां कामा नये, व तसा दाखला जोडावा लागतो. कोणते कागद लागतात, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हें पालकांस घरबसल्या कळावें म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनीं एक लहानसें वेब अ‍ॅप तयार केलें व तें फुकट जागा देणाऱ्या एका सर्व्हरवर ठेविलें. पालकांच्या सभेंत तें डौलानें चाललें. पुढें आठ दिवसांनीं एक गृहस्थ येऊन म्हणाले, "मास्तर, तुमचें तें पान उघडतच नाहीं, नुसतें पांढरें दिसतें. मुदत संपली असें समजून मी दाखल्याचा नाद सोडला." मुदतीस तीन दिवस उरले होते! आम्हीं त्यांच्यादेखत आमच्या फोनवर पान उघडलें. मिनिटभर पांढरा पडदा, आणि मग एकाएकीं सर्व मजकूर हजर. अ‍ॅप बिघडलेलें नव्हतें. तें निजलें होतें.

हें निजणें म्हणजे काय, तें आधीं पाहूं. वेब अ‍ॅप म्हणजे कोठें तरी दूरच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम. तो चालतो तोंवर त्या संगणकाची स्मृति अडून राहते. फुकट जागा देणाऱ्या कंपन्यांस हा खर्च सोसावा म्हणून त्या असा नियम करितात कीं, कांहीं वेळ कोणीच आलें नाहीं तर प्रोग्राम बंद करावा व पुन्हां कोणी दार ठोठावलें म्हणजे नव्यानें सुरू करावा. हेरोकू ही कंपनी यासाठीं तीस मिनिटें वाट पाहत असे. तिनें २८ नोव्हेंबर २०२२ पासून ती फुकट व्यवस्थाच उठविण्यास आरंभ केला. रेंडर ही कंपनी पंधरा मिनिटें थांबते, आणि पुन्हां सुरू होण्यास सुमारें एक मिनिट लागतें असें स्वतःच सांगते.

त्या मिनिटांत प्रोग्रामाची प्रत रिकाम्या जागेंत मांडली जाते, पायथॉनसारखी भाषा सुरू होते, लागतील त्या लायब्रऱ्या वाचल्या जातात, डेटाबेसाशीं संबंध जुळतो, आणि मग कोठें पहिलें उत्तर निघतें. आमच्या आया रात्रीं चुलींतला निखारा राखेखालीं झांकून ठेवीत. सकाळीं एक फुंकर पुरे होई. निखारा विझला तर काडी, गोवरी, धूर, आणि चहास उशीर.

फुंकर घालण्याची युक्ति सोपी आहे. ठराविक वेळानें कोणी तरी यंत्रच त्या पत्त्यावर पाठवावयाचें, म्हणजे सर्व्हरास पाहुणा आल्यासारखें वाटतें. यास पिंग म्हणतात. पंधरा मिनिटांची मर्यादा असेल तर दर दहा मिनिटांनीं पिंग पुरे. अपटाइमरोबॉट ही सेवा फुकटांत दर पांच मिनिटांनीं असें दार वाजविते. गिटहबवरही वेळापत्रक लावून हें काम करवितां येतें.

पण येथें हिशेब केल्यावांचून पुढें जाऊं नये. रेंडरच्या फुकट व्यवस्थेंत महिन्यास ७५० तास मिळतात. एकतीस दिवसांचे तास होतात ७४४. म्हणजे एक अ‍ॅप अहोरात्र जागें राहूं शकतें, दोन नव्हे. दोहोंस १,४८८ तास लागतील, आणि अर्ध्या महिन्यांतच दोन्ही बंद पडतील. शिवाय रात्रीं दोन वाजतां शिष्यवृत्तीची चौकशी कोण करणार? पिकास पाणी नको असतां विहिरीवरचें इंजिन रात्रभर चालूं ठेवणाऱ्यास आपण काय म्हणूं? म्हणून सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत, सोळाच तास जागें ठेवावयाचें ठरलें. महिन्याचे ४९६ तास झाले.

आमच्या विद्यार्थ्यानें वेळापत्रकांत ६ ते २१ असे तास लिहिले, आणि तरीही सकाळची तक्रार कायम! दोन दिवस कोणास कांहीं उमगेना. शेवटीं भूगोलाच्या पुस्तकानें वाट दाखविली. सर्व्हरांचीं घड्याळें बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, व भारताची वेळ तिच्या साडेपांच तास पुढें आहे. त्यामुळें आमचें अ‍ॅप जानेफळांत साडेअकरा वाजतां जागें होई आणि पहांटे साडेतीनच्या सुमारास निजे. तेथील साडेबारा रात्रीं म्हणजे आपल्या सकाळचे सहा, हें ध्यानीं घेऊन तास बदलले, तेव्हां सकाळ सुधारली. रेखावृत्तांचा धडा इतका प्रत्ययास क्वचितच येतो.

आणखी एक खांच आहे. गिटहबवरील सार्वजनिक कोशांत ६० दिवस कांहींच हालचाल झाली नाहीं, तर तेथील वेळापत्रक आपोआप बंद होतें. गर्दीच्या वेळीं तें उशिरानेंही चालतें. वार्षिक परीक्षेपासून उन्हाळ्याच्या सुटीअखेरपर्यंत मुलें फिरकत नाहींत, तेवढ्यांत ही मुदत भरते. तसेंच पिंगचें उत्तर हलकें असावें, पानभर चित्रें पाठवूं नयेत, हें खरें. परंतु डेटाबेसही निजणारा असेल तर नुसत्या दारावरच्या उत्तरानें तो जागा होत नाहीं. सुपाबेसचा फुकट प्रकल्प आठवडाभर पडून राहिल्यास थांबविला जातो. तेथें पिंगबरोबर एक लहानसा प्रश्न डेटाबेसापर्यंत जावा अशी योजना करावी लागते. कांहीं कंपन्यांस असें जागें ठेवणें मान्य नसतें. त्यांचे नियम वाचून मगच हात घालावा.

इतकें झाल्यावर आम्हांस वाटूं लागलें कीं आपण उलट्या टोंकानें आरंभ केला. मुळांत जागे होण्यास इतका वेळ कां लागावा? प्रोग्राम उघडून पाहिला, तों कांहींशें ओळींची यादी वाचण्यासाठीं पांडास नांवाची भली थोरली लायब्ररी बोलाविलेली! भाषेबरोबर येणारें साधें साधन त्या कामास पुरेसें होतें. तें वापरल्यावर सुरू होण्याचा वेळ पुष्कळ उतरला. अ‍ॅप अमेरिकेंतील ओरेगॉन येथें होतें. तें सिंगापुरास हलविलें. कांचेच्या तारेंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. ओरेगॉन येथून बारा हजार किलोमीटरांहून दूर, म्हणजे एका जाण्यायेण्यासच निदान बारा शतांश सेकंद, आणि पहिलें पान येण्यापूर्वीं अशा तीनचार फेऱ्या होतात.

पण खरा उपाय एका मुलीनें सुचविला. कागदांची यादी वर्षांतून दोनतीनदांच बदलते. ती प्रोग्रामानें दरवेळीं नव्यानें कां रचावी? ती साध्या स्थिर पानावर लिहून ठेवली तर निजण्याचा प्रश्नच नाहीं, कारण स्थिर पानामागें चालणारा प्रोग्राम नसतो. आतां यादी व तारीख त्या पानावर आहे, व तें लगेच उघडतें. शंका विचारण्याचा भाग तेवढा अ‍ॅपांत राहिला. पान उघडतांच तें गुपचूप अ‍ॅपास हांक मारितें. पालक यादी वाचून खालीं येईपर्यंत अ‍ॅप बहुधा उठलेलें असतें. नसलें, तर पांढऱ्या पडद्याऐवजीं "थोडें थांबा, मुदत संपलेली नाहीं" ही ओळ दिसते. मुदत उलटल्यावर ती ओळ काढावयाची आठवण त्याच मुलीनें आपल्या वहींत लिहून ठेविली आहे.

ते गृहस्थ तिसऱ्या दिवशीं दाखला घेऊन आले, आणि त्यांच्या मुलाचा अर्ज गेला.