रंगाईचे पाणी आणि विजेची तुरटी



आपल्या बुऱ्हाणपुरात कितीतरी घरांची चूल यंत्रमाग, सायझिंग आणि रंगाईवर पेटते. त्यामुळे रंगाईवाल्यांना नावे ठेवण्यासाठी आम्ही हा पाठ लिहीत नाही. पण सुती कापड रंगवताना सगळा रंग धाग्यात मुरत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्यात उतरतो. असे पाणी तसेच सोडले तर नाल्यातून ताप्तीत जाते, आणि ताप्ती पुढे चांगदेवला पूर्णेला भेटून हतनूर धरणात पोहोचते. तिथे पाणी पिणारे आपलेच सोयरे आहेत. ज्या शहरात 1615 मध्ये खानखानांच्या काळी कुंडी भंडाऱ्यासारखी भूमिगत जलयोजना झाली, त्या शहराने तरी पाण्याचा विचार करावा.

गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवते. तुरटीतल्या ॲल्युमिनियमपासून पाण्यात चिकट हायड्रॉक्साइड तयार होते, त्याला गाळ चिकटतो व खाली बसतो. इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणजे हेच काम, फक्त तुरटी बाहेरून घालायची नाही. सांडपाण्यात ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या उभ्या करून एकदिश विद्युतप्रवाह सोडतात. धन पट्टी झिजते, तिचे आयन पाण्यात उतरतात. ऋण पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. दोन्ही आयन मिळून हायड्रॉक्साइडचे पुंजके बनतात व रंग पकडतात. काही पुंजके बुडबुड्यांबरोबर वर तरंगतात, बाकीचे तळाशी बसतात.

बारावीच्या मुलांनी फॅरेडेचा नियम लावून पाहावा. 1 अँपिअर प्रवाह 1 तास दिला की सुमारे 0.335 ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळते. समजा 1000 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ॲल्युमिनियम उतरवायचे आहे, तर 100 अँपिअर प्रवाह जवळजवळ 3 तास हवा. मात्रा कमीजास्त करायची तर प्रवाह कमीजास्त करावा, इतके सोपे. रंगाईत मीठ वापरलेले असेल तर पाण्यातून वीजही सहज वाहते.

मात्र हे मीठ या पद्धतीने निघत नाही, रंग गेला तरी पाणी खारटच राहते. पट्ट्यांवर थर जमतो, म्हणून अधूनमधून धन-ऋण टोके उलटी करावी लागतात. आमच्या मते खरी परीक्षा गाळाची आहे. हा गाळ उकिरड्यावर टाकला तर पावसात तो पुन्हा नाल्यातच जाणार. त्याची विल्हेवाट परवानाधारक ठिकाणीच व्हायला हवी. एकट्या छोट्या रंगाईवाल्याला हा खर्च झेपणे कठीण, चारचौघांनी मिळून यंत्रणा उभारली तर जमू शकेल.

विज्ञान मेळ्यासाठी हा प्रयोग शिक्षकांसमोर करावा. ग्लासभर पाण्यात कपड्याच्या रंगाचे कण व चिमूटभर मीठ घाला. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकींना न चिकटू देता बुडवा व 9 व्होल्टची बॅटरी जोडा. घरातल्या विजेला हात लावायचा नाही, जवळ काडी पेटवायची नाही, खिडकी उघडी ठेवायची. अर्ध्या तासाने पाणी गाळून पाहा. गाळ मोरीत न ओतता कागदावर वाळवून प्रयोगशाळेत जमा करा.