भाच्याने दिलेला डॉलर

प्रश्न : अमेरिकेहून आलेल्या भाच्याने चांदीचं नाणं दिलं. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, दुसरीकडे गरुड आणि ‘१ ट्रॉय औंस, .९९९’ अशी अक्षरं. हा जुना मॉर्गन डॉलर आहे का?

उत्तर : नाही. ती अक्षरंच चुगली करतात. अस्सल मॉर्गनवर शुद्धता कोरलेली नसते, ‘वन डॉलर’ असं मूल्य असतं. तुमच्याकडचा आहे तो खासगी टांकसाळीचा ‘राउंड’. दिसायला नाणं, पण कायद्याने चलन नव्हे.

खात्रीसाठी सोनाराच्या काट्यावर ठेवा. जुना अस्सल डॉलर २६.७३ ग्रॅमचा, त्यात ९० टक्के चांदी, बाकी तांबं. राउंड ३१.१ ग्रॅमचा, जवळजवळ निव्वळ चांदीचा. म्हणजे गंमत बघा, नकलेत चांदी अस्सलापेक्षा जास्त! म्हणून तिला फसवणूक म्हणू नका. विकताना मात्र चांदीचाच भाव मिळेल, संग्राहकाचा नाही.

मूळ नाणी १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडली गेली. २०२१ मध्ये अमेरिकी टांकसाळीनेही ती नव्याने काढली, तेव्हा घाईने ‘जुनं’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आधी साल दाखवायला सांगा.

आणि एक : १९१८ च्या अमेरिकी पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने हिंदुस्थानच्या रुपयांसाठी घेतली. तुमच्या आजीच्या पेटीत पंचम जॉर्जचा त्या सुमाराचा रुपया असेल, तर त्यात एखादा मॉर्गन विरघळलेला असूही शकेल.