पाटीची पेन्सिल खाणारी मुलगी : खाण्याचे विकार आणि आपली शाळा



दुसरीतल्या एका मुलीची पाटीची पेन्सिल रोज संपायची. लिहून नव्हे, खाऊन. मी तिला वर्गासमोर रागावले. परिणाम एवढाच झाला, की ती शाळेच्या मागं जाऊन भिंतीचे पोपडे खाऊ लागली. आईला विचारलं तर म्हणाली, "बाई, चुलीची मातीबी खाती. तिखट लावून बघितलं, ऐकतच नाही."

माती, खडू, चुना असल्या अखाद्य वस्तू महिनाभर किंवा जास्त काळ खात राहणं याला डॉक्टर 'पायका' म्हणतात. हा खाण्याच्या विकारांपैकीच एक. (दोन वर्षांच्या आतलं बाळ सगळंच तोंडात घालतं, ते यात धरत नाहीत.) आपण मात्र याला खोड म्हणतो आणि फटका देतो.

पायकाच्या मुळाशी पुष्कळदा रक्तातली लोहाची कमतरता असते. मातीतून जंत पोटात जातात, काही जंत रक्त शोषतात, लोह आणखी कमी होतं आणि मूल पुन्हा मातीकडं वळतं. म्हणून आधी रक्त तपासायचं. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमच्या खाली असलं तर तो रक्तक्षय. शाळेत दर आठवड्याला देतो ती लोहाची गुलाबी गोळी आणि जंतनाशक दिनाची गोळी आपण रजिस्टर भरण्यापुरती देत असू, तर चूक आपली आहे. आमच्या मुलीचं रक्त कमीच निघालं. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पेन्सिली उरू लागल्या. सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. काहींना मानसोपचाराची गरज लागते.

सहावी-सातवीत वेगळंच दिसतं. 'जाडी' म्हणून चिडवलेली मुलगी पोषण आहार घेत नाही, विचारलं तर "उपवास आहे" म्हणते. आपल्याकडं उपवासाला कोण नाही म्हणणार? पण तो कुठल्या वाराचा, आणि सोडते कधी, हे विचारा. जेवल्यावर लगेच उलटी काढणारं मूल वजनाला अगदी ठीक असू शकतं, त्यामुळं उंची-वजनाच्या तक्त्यात ते सापडत नाही. मुलगेही यातून सुटलेले नाहीत.

आता दाखवायचं कुठं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. तोवर थांबू नका, आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मानसोपचार विभाग कोल्हापूरला सीपीआरमध्ये आहे. गगनबावड्याहून तो पन्नासेक किलोमीटर पडतो, आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की वाट बंद. मजुरी बुडवून कुठली आई दर महिन्याला जाईल? निदान महिन्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला यावेत, ही मागणी शाळा व्यवस्थापन समित्यांनी ठराव करून पाठवायला हवी. तोपर्यंत टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं.

आजाराचं नाव मात्र आपण ठरवायचं नाही. काय खाल्लं, कधी, किती वेळा, एवढं पंधरा दिवस वहीत टिपून ठेवा आणि ती वही आईच्या हातात द्या. केसपेपर काढल्यावर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.