बोस्टन बंदरातील चहा

इ. स. १७७३ च्या डिसेंबर महिन्याची १६ तारीख. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका प्रार्थनामंदिरात हजारो लोक जमले होते. बंदरात चहा घेऊन आलेली तीन जहाजे उभी होती. हा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त होता. तरीही तो परत पाठवावा, असा लोकांचा आग्रह होता. स्वस्त चहा त्यांना नकोसा का झाला?

त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या. फ्रान्सबरोबरचे दीर्घ युद्ध १७६३ साली संपले. इंग्लंडला विजय मिळाला, पण कर्जाचा डोंगरही वाढला. तो हलका करण्यासाठी पार्लमेंटने १७६५ मध्ये वसाहतींतील दस्तऐवज, वर्तमानपत्रे, इतकेच नव्हे तर खेळायचे पत्ते यांवरही मुद्रांककर बसविला. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही, तिला आपल्यावर कर लादण्याचा अधिकार कोणता, असा वसाहतींचा सवाल होता. लोकांनी इंग्लंडच्या मालावर बहिष्कार घातला; पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला. परंतु १७६७ मध्ये काच, कागद, रंग, शिसे व चहा यांवर जकात आली. १७७० मध्ये तीही उठविण्यात आली. मात्र पार्लमेंटचा हक्क शाबूत राहावा म्हणून चहावरील जकात तेवढी ठेवली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये शिपायांच्या गोळीबाराने पाच नागरिकांचा बळी घेतला.

पुढे ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडू लागली. तिला सावरण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये तिला वसाहतींत थेट चहा विकण्याची सवलत दिली. त्यामुळे चहा स्वस्त झाला, पण जकात कायम राहिली. तो विकत घेणे म्हणजे पार्लमेंटचा हक्क मुकाट्याने मान्य करणे होय, हे लोकांनी ओळखले.

गव्हर्नर हचिन्सन याने जहाजांना परतण्याचा परवाना नाकारला. तेव्हा त्याच रात्री मोहॉक आदिवासींचा वेष घेतलेले लोक जहाजांवर चढले. त्यांनी ३४२ पेट्या फोडून सारा चहा समुद्रात लोटला. इतर मालाला त्यांनी हात लावला नाही.

शिक्षा म्हणून इंग्लंडने १७७४ मध्ये बोस्टन बंदरच बंद केले. तेव्हा इतर वसाहतींनी त्या शहरासाठी अन्नधान्य धाडले. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फिया येथे एकत्र बसले. १७७५ मध्ये लढाईला तोंड लागले आणि ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. त्या घोषणेने सर्व माणसे समान असल्याचे सांगितले. पण तेथील गुलामांच्या बेड्या तुटण्यास १८६५ साल उजाडावे लागले.