खारे पाणी, उपाशी शैवाल आणि तेल

उन्हाळ्यात मिठागरांच्या बांधावरून जाताना वाफ्यांतील पाणी दिवसेंदिवस आटत व अधिकाधिक खारट होत जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा पाण्यात काही जिवंत राहत असेल असे सहसा मनात येत नाही. परंतु फ्रान्समधील मिठागरांचे तांबूस पाणी तपासताना द्यूनाल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास १८३८ साली त्यात एक सूक्ष्म जीव आढळला. पुढे १९०५ साली त्याच्याच नावावरून त्या शैवालास ‘डुनालिएला’ हे नाव मिळाले.

कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते. खाऱ्या पाण्यातील पेशीचीही तीच गत व्हावयाची. डुनालिएलास तर इतर शैवालांसारखी ताठ पेशीभित्तीही नसते. मग तो तग कसा धरतो? बाहेर मीठ वाढले की तो आपल्या पेशीत ग्लिसरॉल तयार करतो आणि आतबाहेरचा तोल साधतो. तेलाच्या रेणूचा कणाही ग्लिसरॉलच असतो हे खरे. पण ग्लिसरॉल म्हणजे तेल नव्हे, हा घोटाळा कोणी करू नये. काही जातींत खारटपणा बेताने वाढविल्यास तेलाचे प्रमाण वाढते. मर्यादा ओलांडली की मात्र पेशीची सारी शक्ती मिठाशी झगडण्यातच खर्च होते आणि वाढ खुंटते.

मिठाहून अन्नाचा परिणाम अधिक ठळक असतो, आणि आमच्या मते अधिक चमत्कारिकही. प्रथिने व हरितद्रव्य बनविण्यास नत्र लागते. पाण्यातील नत्र संपले की शैवालाची पेशी विभागू शकत नाही. ती फिकट पडू लागते. पण सूर्य काही थांबत नाही! प्रकाश पडतच राहतो, कार्बनही मिळत राहतो. प्रथिनांची वाट बंद झालेला हा कार्बन मग मेदाच्या रूपाने साठविला जातो, आणि पेशीत तेलाचे थेंब दिसू लागतात. डायाटम या शैवालांचे कवच सिलिकाचे असते. त्यांना सिलिकॉन कमी पडले तरी असेच घडते. युद्धकाळात, १९४२ साली, जर्मनीत हार्डर व फॉन विट्श यांनी चरबीसाठी डायाटमांची मोठ्या प्रमाणावर लागवड करावी असे सुचविले होते.

हे वर्गात सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने लगेच विचारले, “मग त्यांना उपाशीच का ठेवू नये?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आम्ही फळ्यावर काल्पनिक आकडे मांडले. पोटभर अन्न मिळालेल्या तळ्यात दर चौरस मीटरला दिवसाकाठी २० ग्रॅम शैवाल वाढले आणि त्यात २० टक्के तेल असले, तर तेल मिळाले ४ ग्रॅम. उपाशी तळ्यात तेल ४० टक्के झाले, पण वाढ ८ ग्रॅमवर आली. तेल मिळाले ३.२ ग्रॅम. टक्केवारी दुप्पट झाली आणि तेल घटले!

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात चालविलेल्या संशोधनात नेमका हाच अनुभव आला. तेथे ३,००० हून अधिक शैवालवाण गोळा करण्यात आले. न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे १,००० चौरस मीटरची तळी बांधली गेली. उघड्या तळ्यातील पाणी आटून खारटपणा सारखा बदलतो, म्हणून तो बदल सोसणारेच वाण हवे होते. रॉझवेलची थंडीही आड आली. ‘सायक्लोटेला’ या डायाटममध्ये मेद बनविण्याच्या आरंभीच्या टप्प्यावरील विकराचे जनुक शास्त्रज्ञांनी शोधून काढले आणि त्याच्या जादा प्रती पेशीत घातल्या. विकराचे काम वाढले. तेल मात्र वाढले नाही. इतक्या खटपटीनंतर हाती आलेले हे उत्तर त्यांनी अहवालात न लपविता लिहिले, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते.

यावर तोडगा म्हणून लागवड दोन टप्प्यांत करतात. आधी शैवालास भरपूर नत्र-स्फुरद देऊन वाढवावयाचे, आणि पुरेशी दाटी झाली म्हणजे अखेरचे काही दिवस अन्न तोडावयाचे किंवा मीठ वाढवावयाचे. ते दिवस किती असावेत, हे मात्र जातीगणिक वेगळे पडते.