ओंजळीतला पाहुणा

पावसाळ्याचे दिवस होते. मेहकरच्या बाजूस पैनगंगेच्या काठी एका मुलाला चिखलात कासवाचे पिल्लू दिसले. ते लिंबाएवढे होते. हात लागताच त्याने डोके व पाय आत ओढून घेतले. मुलाला मोठी गंमत वाटली. त्याने ते ओंजळीत घेतले आणि घरी आणून पाण्याच्या बादलीत सोडले.

सायंकाळी आजोबा शेतावरून परतले. मुलगा धावत जाऊन म्हणाला, "आबा, मी कासव पाळणार! त्याला रोज भाकरी घालीन, त्याचे पाणी बदलीन."

आजोबांनी बादलीत पाहिले. पिल्लू वर चढावयास धडपडत होते आणि पुनःपुन्हा घसरून पडत होते.

"ते खेळते आहे ना, आबा?"

"नाही रे बाळा. ते दमले आहे. कासव पाण्यात राहते खरे, पण माशासारखा श्वास घेत नाही. त्याला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. विसाव्याला जागा मिळाली नाही, तर ते पाण्यातच बुडून मरेल."

मुलगा घाबरला. त्याने लगेच बादलीत एक दगड ठेवला. पिल्लू त्यावर चढून स्वस्थ बसले.

"आता झाले ना?" त्याने विचारले.

आजोबा म्हणाले, "दगड मिळाला, पण ऊन कोठून आणशील? उन्हावाचून कासवाच्या हाडांना बळकटी येत नाही. हे मऊ पाठीचे कासव आहे. गोगलगाई, किडे, लहान मासे, पाणवनस्पती हे त्याचे अन्न. कोरड्या दिवसांत ते चिखलात स्वतःला पुरून घेते. तुझ्या बादलीत चिखल कोठे आहे? शिवाय, मेलेले जीव खाऊन कासवे नदीचे पाणी स्वच्छ राखतात. ते कामही नदीतच व्हावयाचे."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या देशात १९७२ साली वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. नदीतले हे कासव पकडणे किंवा घरी बाळगणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कासवांच्या अंगावर रोगजंतूही असतात. लहान मुले अशा पिल्लांना हाताळून आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेत १९७५ साली ४ इंचांहून लहान कासवांची विक्री बंद करण्यात आली. त्याच देशातील लाल कानाची कासवे जगभर विकली गेली. पिल्ले मोठी झाली, की कंटाळलेले लोक ती तळ्यांत सोडून देत. तेथे ती मूळच्या कासवांचे अन्न व जागा बळकावू लागली.

"मग कासवांवर माया करावयाचीच नाही का?" मुलाने हिरमुसून विचारले.

"करावयाची, पण वेळासच्या लोकांसारखी," आजोबा म्हणाले. "वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठचे गाव. तेथे सागरी कासवी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ती अंडी माणसे व कोल्ही-कुत्री पळवीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने त्यांचे रक्षण सुरू केले. अंडी कुंपणातल्या वाळूत ठेवतात. सुमारे ५० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. गावकरी त्यांना घरी नेत नाहीत. पाण्याजवळ वाळूवर सोडतात आणि दूर उभे राहतात. पिल्ले आपल्या पायांनी समुद्र गाठतात."

मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने साबणाने हात धुतले आणि तो जेवावयास बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा आणि नातू नदीवर गेले. पिल्लू जेथे सापडले होते, तेथेच मुलाने ते अलगद ठेवले. क्षणभर ते हलले नाही. नंतर त्याने हळूच डोके बाहेर काढले, चार पावले टाकली आणि ते पाण्यात दिसेनासे झाले.

मुलाचे डोळे भरून आले. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "ते आता आपल्या घरी पोचले."

स्वाध्याय

१. पिल्लू बादलीत का धडपडत होते?
२. कासवे नदीच्या कोणत्या उपयोगी पडतात?
३. वेळासचे गावकरी पिल्लांची काळजी कशी घेतात?
४. वाक्यांत उपयोग करा : हिरमुसणे, दिसेनासे होणे, बळकावणे.
५. 'माया करणे' आणि 'जवळ बाळगणे' यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.